पाय हलके ठेवण्याचा हंगाम

पौष लागला की आमच्या किनाऱ्यावर धावणारे उगवतात. हल्ली त्यांच्या दोन जाती झाल्या आहेत. पहिली जात सुट्टीला येणाऱ्यांची. यांच्या बुटांचे रंग लांबूनच डोळ्यांत खुपतात, मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत असतं, आणि रापणीचं जाळं ओढणारी माणसं वाटेत आली की हे लोक थांबून फोटो काढतात आणि मग वळसा घालून पुढे पळतात. घामाने थबथबलेली माणसं त्यांना बघायला आवडतात, पण जाळ्याला हात लावावासा मात्र एकालाही वाटत नाही. दुसरी जात आमच्याच पोरापोरींची. पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती कुणकुण लागली तरी ही पोरं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर फटफट पाय आपटत सुटतात. मला दोन्ही जातींचा राग येतो. पहिलीचा थोडा, दुसरीचा फार, कारण दुसऱ्या जातीत मी स्वतः एक हंगाम काढला आहे.

यंदा जत्रेसाठी माहेरी आले होते. मी आता इन्सुलीची. सासर काजूवाल्यांचं, समुद्रापासून लांब, महामार्गाच्या कडेला. वर्षातून दोनदा माहेरी येते, मासे खाते, आईशी भांडते आणि परत जाते. या वेळी मागच्या दाराच्या पायरीवर तन्वी बसलेली दिसली. तन्वी माझ्या भावाची, दादाची मुलगी, विशीची. नुकतीच धावून आली होती. डावा पाय पुढे घेऊन ती नळीच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबत होती आणि दाबताना ओठ आवळत होती. घोट्याच्या वर चार बोटं. त्या अंगठ्याची जागा मला पाठ आहे. मला बघताच तिने पाय मागे घेतला, उभी राहिली आणि विहिरीवरची भरलेली कळशी उचलायला गेली. तेवढ्यात आतून दादाचा आवाज आला.

"तन्वी, कळशी थंयच ठेव गो! पाय जड होतले!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षांत जगात काय काय बदललं, आमच्या गावात इंटरनेट आलं, पण दादाचं हे एक वाक्य जसंच्या तसं शाबूत राहिलं.

चौदा वर्षांपूर्वीची ती थंडी. आमच्याकडे थंडी म्हणजे तरी काय, पहाटे वाळू गार लागते आणि आई डोक्याला टॉवेल गुंडाळते, इतकंच. आंब्याला मोहोर आलेला असतो, त्याचा वास आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास एकाच वाऱ्यावर येतात, आणि ज्याला यातला एकच वास आवडतो तो माणूस आमच्या गावचा नव्हे. त्या थंडीत मी एकवीस वर्षांची होते. दहाव्या वर्षापासून मी रापणीवर जात होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन टोकांचे दोर वाळूवर आणले जातात, आणि दोन्ही दोरांवर पंधरा-वीस माणसं टाचा रोवून, मागे रेलून, मागे मागे चालत राहतात. दोराला हात लावला की माशांतला वाटा मिळतो, मग तुम्ही म्हातारे असा की पोर. वाट्यासाठी मी शाळेच्या आधी दोरावर उभी राहायची. मग आईची माशांची पाटी डोक्यावर घेऊन वाळूतून रस्त्यापर्यंत. मग घरचं पाणी. माझ्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या आणि मला त्यांची लाज वाटायची. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, सुनीचे पाय पुरुषासारखे आहेत.

पण ते पाय धावायचे. तालुक्याच्या शर्यतीत अनवाणी धावून मी पहिली यायची, कुणी शिकवलं नाही, कुणी सराव घेतला नाही. ते बघूनच दादाच्या डोक्यात भरतीने घर केलं. त्याची स्वतःची संधी हुकली होती, छाती मापात बसली नव्हती म्हणे. आपल्याला जे जमलं नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायची माणसाला फार घाई असते. जाहिरात निघाली त्या दिवशी संध्याकाळी त्याने ओसरीवर हुकूम काढला.

"आजपासून दोराक हात लावूचो नाय. पाटी उचलूची नाय. फक्त धावूचा."

"कित्याक?"

"बैल ओझा व्हाता. बैल धावता काय? हरणाक बघ. हरणार कोण ओझा घालता काय?"

दादाने हरीण कुठे पाहिलं होतं देव जाणे. पण हरणाची मांडी त्याने नक्कीच पाहिली नव्हती. नाहीतर ते नुसत्या हवेवर उडत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असतं.

आईचं कारण वेगळं होतं आणि ते तिने लपवलंही नाही. "तिका पोलीस होवचा आसा," ती म्हणाली. "उद्या खाकी घालतली, आणि आज दोरार दिसली तर लोक काय म्हणतले?" आता मागे वळून बघताना वाटतं, खरं कारण तेच होतं. हरीण नुसतं तोंडी लावायला होतं. घरातली एक मुलगी वर चढणार होती, म्हणून तिला अंगमेहनतीतून आधीच काढून ठेवायचं होतं. आमच्याकडे मोठं होण्याची पहिली खूण हीच, की माणूस ओझं उचलायचं बंद करतो. मास्तर झाला की पिशवी दुसऱ्याच्या हातात जाते. मुंबईहून चाकरमानी आला की स्टँडवरून त्याची बॅग भाऊच आणतो. या खुळापायी किती जणांची गुडघेदुखी सुरू झाली असेल, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

मग माझे लाड सुरू झाले. सकाळी दूध, दोन अंडी. सुरमईची मधली तुकडी, जी आजवर दादाच्या ताटात पडायची, ती माझ्या ताटात. वहिनी विहिरीवरून माझी आंघोळीची बादली भरून आणायची, आणि तन्वी तेव्हा सहा वर्षांची, तिच्या मागून रिकामा तांब्या घेऊन यायची. आई तळपायांना तेल लावायची. वाडीतल्या बायका "मॅडम इले गो" म्हणून हसायच्या, आणि त्या हसण्यात असूया असायची, तीही मला गोड लागायची. मी पहाटे धावायची, संध्याकाळी धावायची. धामापूरच्या तळ्याकडे जाणारा चढ दादा मला सायकलने बरोबर येऊन धावायला लावायचा. तळ्यावर पोचलं की पाणी अगदी स्थिर, कडेने झाडी, आणि पलीकडे देवळातली घंटा वाजायची. मी धापा टाकत पायऱ्यांवर बसायची, तर दादा घड्याळ पुढे करायचा. वेळ कमी झाली होती. पहिले तीन आठवडे ती रोज कमी होत गेली. खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते.

अंगात साठवलेलं होतं ते मी खर्च करत होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. दहा वर्षांची रापण, दहा वर्षांची पाटी पायात मुरलेली होती. तीच मला पळवत होती, आणि श्रेय मिळत होतं दुधाला. चौथ्या आठवड्यापासून पोटऱ्या उतरायला लागल्या. आईला आनंद झाला, पाय नाजूक दिसतात म्हणाली. चढावर माझी कंबर डुलायला लागली, गुडघे आत पडायला लागले, आणि मग नळी ठणकायला लागली. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग नुसतं अंथरुणातून उठतानासुद्धा. वेळ परत वाढली. दादाने त्यावर काय उपाय काढला? अजून धाव. दुष्काळात तेरावा महिना. मी दुखणं सांगितलं नाही, तेल गरम करून चोळत राहिले.

नंतर मला कळलं, आणि कळायला फार शिकावं लागत नाही, की धावणं म्हणजे या पायावरून त्या पायावर उड्या मारणं. प्रत्येक उडीचा धक्का कुणीतरी झेलायला हवा. पोटरी, मांडी, कुल्ला, कंबर यांनी तो झेलला तर ठीक. त्यांच्यात दम नसेल तर धक्का थेट हाडाकडे जातो. हाड गरीब असतं, सहन करतं, आणि एक दिवस करत नाही. बळ असलं की तेवढ्याच श्वासात माणूस लांब जातो, शेवटच्या वळणावर अंग ढेपाळत नाही. एवढी साधी गोष्ट. पण आमच्याकडे धावणारा म्हणजे हलका, आणि बळाचा म्हणजे मठ्ठ, अशी वाटणी करून लोक मोकळे. आता मालवणात व्यायामशाळा निघाल्या आहेत, भिंतभर आरसे आहेत. तिथली पोरं दंडाशिवाय काही कमावत नाहीत. वर पैलवान आणि खाली बगळा. आणि भरतीच्या मुली तिथे पाऊल टाकत नाहीत, अंग पुरुषी होईल म्हणून. यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मैदानी चाचणीच्या दिवशी माझ्या रांगेत सह्याद्रीच्या पायथ्याकडची एक मुलगी होती. बुटकी, रुंद, मांड्या जाडजूड. घरी लाकडाच्या मोळ्या वाहते आणि मधल्या वेळात धावते, असं ती सहज सांगून गेली. आम्ही चार किनाऱ्याच्या पोरी एकमेकींकडे बघून हसलो. माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. शिट्टी झाली. पहिल्या फेरीत मी तिच्या पुढे होते. दुसऱ्या फेरीच्या वळणावर माझ्या डाव्या पायाखाली जमीनच नाहीशी झाली. आवाज वगैरे काही झाला नाही. मी पडले, तोंडात माती गेली, आणि माझ्या खांद्याशेजारून त्या जाड मांड्या एका लयीत पुढे निघून गेल्या. कुंपणापलीकडून दादा ओरडत होता, "ऊठ! ऊठ गो!" मी उठायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न माझ्या अजून स्वप्नात येतो.

हाडाला आधीच चीर गेली होती, ते आता पुरतं मोडलं. प्लास्टर, मग काठी, मग लंगडणं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. वाडीतल्या बायका येऊन सांगायच्या, नशीब गो, दुसरा काय. दादाही म्हणाला, नशीब. आईने देवाला गाऱ्हाणं घातलं. दूध बंद झालं, कुणी मुद्दाम बंद केलं नाही, आपोआपच झालं. पुढची जाहिरात निघेपर्यंत पाय बरा झाला होता, पण धीर उरला नव्हता, घरच्यांचाही आणि माझाही. दोन स्थळं पायाचं कळल्यावर फिरली. तिसरं इन्सुलीचं. त्यांनी पाय बघितला नाही, हात बघितले. काम करणारी बाई हवी होती त्यांना.

आणि त्यांनी काम दिलं, यात शंका नाही. शेणखताच्या पाट्या घेऊन काजूच्या बागेचा चढ चढायचा. लावणीला दिवस दिवस वाकायचं, बसायचं, उठायचं. भाताचे भारे डोक्यावर. पहिलं वर्ष मी सासूला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाचव्या वर्षी एकदा वासरू दावं तोडून महामार्गाकडे सुटलं. ट्रक येत होते. मी साडी खोचून धावले, बागेचा उतार, मग बांध, मग सडकेपर्यंतचा चढ, आणि वासराला कानाला धरून थांबवलं. उभी राहून श्वास घेतला तेव्हा लक्षात आलं, नळी दुखली नव्हती. कंबर डुलली नव्हती. तीस वर्षांची बाई, दोन बाळंतपणं झालेली, आणि पाय एकविसाव्या वर्षीपेक्षा खणखणीत. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतका राग, की वासराच्या पाठीत एक धपाटा बसला, आणि बिचाऱ्याचा काय दोष. उशिरा आलेलं शहाणपण काय चुलीत घालायचं?

म्हणून तन्वीचा तो अंगठा बघितल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. तिच्या चाचणीला जेमतेम अडीच महिने होते. दुसऱ्या दिवशी दादाला न विचारता तिला घेऊन मी कुडाळला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फोटो काढला, पाय तपासला, एका पायावर उभं राहायला सांगितलं. तन्वी वेताच्या काठीसारखी हलायला लागली.

"चीर नाही अजून. पण अशीच धावत राहिलीस तर पडेल," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस धावणं बंद. दुखत नाही एवढं बघून पायांत ताकद आणायची. टाचा वर-खाली, उठाबशा, ओझं घेऊन पायरी चढणं. मग हळूहळू धावणं, आणि ताकदीचं काम तेव्हाही चालूच ठेवायचं. घरी काय काय काम करतेस?"

"काहीच नाही," तन्वी अभिमानाने म्हणाली. "बाबा करू देत नाहीत."

"मग बाबांनाच भरतीला पाठवा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मला ती बाई फार आवडली.

पण दादाने त्या सगळ्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "पंधरा दिवस आराम? मगे बसांदे. खाटेवरसून उतारूक देव नको," त्याने वहिनीला सांगितलं आणि स्वतः दूध आणायला गेला. मी रात्रभर जळत होते. सकाळी तन्वीला उठवलं आणि किनाऱ्यावर घेऊन गेले.

रापण अर्धी आत आली होती. दोरावर माणसं मागे मागे येत होती, आणि मधोमध दादा होता. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेलं, पण पोटऱ्या तशाच, दगडाच्या. या माणसाने आयुष्यात एकही दिवस दोर सोडला नव्हता आणि आयुष्यात एकही दिवस त्याचा पाय दुखला नव्हता. हे त्याच्या डोळ्यांसमोर रोज होतं.

"हिका हयसर कित्याक हाडलंस?" त्याने विचारलं.

"दोरार."

"डॉक्टरान आराम सांगल्यान ना?"

"धावण्याक आराम सांगल्यान. पायांक काम सांगल्यान."

"सुने, लोक बघतत."

"बघांदेत. माका पडताना पण बघल्यानी. तेव्हा उचलूक कोण येऊक नाय."

"ता नशीब होता. जुना कित्याक उगाळतंस?"

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "नशीब? माझो पाय नशिबान नाय मोडलो, दादा. तू मोडलंस. दूध पाजून मोडलंस, तेल लावून मोडलंस. आणि आता हिचो मोडतलंस."

ओढणारी माणसं थांबली. दोर सैल पडला. कुणीतरी खोकलं. दादाचा चेहरा काळवंडला, आणि मला त्याचं बरं वाटलं. त्याला लागावं म्हणूनच मी बोलले होते. तो काही म्हणाला असता, तर मी अजून दहा गोष्टी काढल्या असत्या, सगळ्या तयार होत्या. पण बोलली ती तन्वी.

"मगे आत्ये, तू तेव्हा सांगलंस कित्याक नाय? दुखता म्हणान?"

दादाचा धाक होता म्हणावं, तर धाक कधीच नव्हता, मी त्याच्याशी लहानपणापासून भांडत आले आहे. कळत नव्हतं म्हणावं, तर नळी मला रोज सांगत होती. इतकी वर्षं मी दादावर, आईवर, वाडीवर, बुटवाल्या पाहुण्यांवर राग काढत आले, तो बहुतेक हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणूनच. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्याशी खोटं बोलणं म्हणजे तिचा पाय मीच मोडणं.

"बाय," मी म्हटलं, "दहा वर्सांची होतंय तेव्हापासून सगळ्यांनी माका 'ह्या उचल, ता उचल' इतक्याच सांगल्यानी. त्या वर्सा पयल्यांदा कोणतरी म्हणालो, तू बस. माका बसूक बरा वाटला गो. दुखता म्हणान सांगलंय असतंय, तर धावणा बंद झाला असता, आणि परत पाटी डोक्यार इली असती."

दोराचं पाणी थेंब थेंब वाळूत पडत होतं. दादाने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी त्याला माफही केलेलं नाही, आजही नाही. तो एक पाऊल मागे सरकला. त्याच्या आणि पुढच्या माणसाच्या मध्ये दोराचा दोन हात तुकडा मोकळा झाला. तन्वीने चपला काढल्या, त्या जागेत उभी राहिली आणि दोर गच्च धरून हिसका दिला. तिचे खांदे वर चढले, मनगटं थरथरली, दोर तसूभरही हलला नाही.

"हातान नाय, बाय," दादा तिच्या मागून म्हणाला. "पायान ओढ."